चक्कीवरच्या दुपारी

गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली, अजून इथेच आहे. ती दिल्लीला साहित्य शिकते. या सत्रात तिला एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्या आहेत, इंग्रजी भाषांतरातून, मीही आयुष्यभर कॉलेजात तशाच शिकवल्या. दुपारी जेवताना ती म्हणाली, "आजोबा, काल मराठी मंडळात एक म्हाताऱ्या काकू भेटल्या. म्हणाल्या, तुमचं या नॉव्हेल्सवर एक लेक्चर होतं, लोक रडायचे. और पता है क्या बोलीं? म्हणाल्या, तुझ्या आजोबांना हे पुस्तकातून नाही, घरातूनच समजलं."

"काय समजलं?"

"अरे, आजीचं! आजीचं कोणीतरी होतं ना तेव्हा? सच्ची बताओ. मला तर एकदम भारी वाटलं. त्या काळात, इथे जबलपूरमध्ये! आजी तो छुपी रुस्तम निकली."

माझी बायको पोळ्यांचा डबा घेऊन दारातच उभी होती. तिने डबा टेबलावर ठेवला, एक पोळी नातीच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "खा, गार होते." मी भातावर वरण घेत राहिलो.

नात हात धुवून खोलीत गेली तेव्हा बायको माझ्यासमोर बसली.

"तिला सांगा."

"काय सांगू? पोर थट्टा करत होती."

"थट्टा नाही. कौतुक करून राहिली ती. तेव्हाच्या बायांनी नावं ठेवली, आता ही कौतुक करते. जे मी केलंच नाही त्याचं. तुम्ही तेव्हा पण गप्प बसले, आता पण बसून राहिले. मी मेल्यावर हीच गोष्ट राहीन काय माझ्यामागे?"

तिचा प्रश्न एवढाच होता. तिचंही वय झालं आहे, मागच्या वर्षी हृदयाचं दुखणं होऊन गेलं. आपल्यामागे काय राहील हा विचार आता तिच्यासाठी नुसता बोलायचा विषय उरलेला नाही.

त्याच आठवड्यात मंडळाच्या वार्षिक अंकाच्या संपादकांचा फोन आला. सर, तुमचं ते गाजलेलं व्याख्यान लिहून द्या, नव्या पिढीला वाचायला मिळेल. सवयीने मी हो म्हणालो. मग बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसलो. त्या व्याख्यानाच्या जागी हे पाठवतो आहे. छापायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

व्याख्यानाचा विषय होता त्या कादंबऱ्यांमधल्या असमाधानी नायिका. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांच्यासाठी सारांश सांगतो. त्या काळच्या फ्रान्समध्ये राजे गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि या सगळ्या धामधुमीत पैसेवाला मध्यमवर्ग वर आला. दुकानदार, गिरणीवाले, सुखवस्तू शेतकरी यांनी आपल्या मुली जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, शाळेत घातल्या. मुली तिथे भरतकाम शिकल्या, पियानो शिकल्या, गोड बोलायला शिकल्या. मग लग्न झालं एखाद्या साध्या नोकरदाराशी, आडगावात. संध्याकाळी नवरा जेवून डुलक्या घेतो आणि ती खिडकीत बसून रस्त्याकडे बघते. जन्माने ती एका पायरीवर आहे, शिक्षणाने दुसऱ्या, आणि मन तिसऱ्याच पायरीवर जाऊन बसलंय. ही पायऱ्यांची गोष्ट मी हाताने दाखवून सांगत असे. लोकांना ती आवडायची. "हे फ्रेंच आडगाव तुम्ही पाहिलेलं आहे," मी म्हणायचो, "एका बाजूला छावणी, एका बाजूला कचेऱ्या, कोण कुणाकडे चहाला गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. ते जबलपूरच आहे." इथे हमखास हशा यायचा.

मग मी गंभीर व्हायचो. या बायकांना वरच्या पायरीचं वेड लागतं, म्हणायचो. रेशीम हवं असतं, नाच हवा असतो, प्रेम हवं असतं ते पुस्तकातल्यासारखं. घरातलं काहीच पुरत नाही. ठरल्या दुपारी त्या काहीतरी निमित्त काढून घराबाहेर पडायला लागतात. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचो, "अशा स्त्रिया फक्त फ्रान्समध्ये नसतात. आपल्या घरातही असतात. त्यांच्यावर रागावू नका."

सगळ्यांना वाटायचं, माणूस स्वतःबद्दल बोलतोय. तसं वाटावं म्हणूनच मी ते बोलत होतो.

आता खरं सांगतो.

आमचं घराणं मराठ्यांच्या काळात इकडे नोकरीला आलं आणि तेव्हापासून नोकरीतच राहिलं. वडील हेडमास्तर, काका तहसील कचेरीत. पैसा बेताचा होता, पण आपण कोण आहोत हे घरातल्या लहान मुलालाही पाठ होतं. बायकोचं माहेर इथल्याच घमापुरातलं. तिचे आजोबा वऱ्हाडातून आले, वडिलांनी भर बाजारात आटाचक्की टाकली आणि ती चालवून दाखवली. पैसा आमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त होता. मुलीला त्यांनी सदरमधल्या, म्हणजे छावणीतल्या, नन्सच्या शाळेत घातलं, बी. ए. केलं, आणि प्रोफेसर जावई मिळाला म्हणून गल्लीभर पेढे वाटले. मी तेव्हा साधा व्याख्याता होतो, पण चक्कीवर त्यांनी सगळ्यांना प्रोफेसरच सांगितलं.

आमच्याकडे तिला बोलण्यापासून शिकवणं सुरू झालं. ती 'काहून' म्हणाली की आई म्हणायची, "का म्हणावं, सूनबाई." ती चक्की म्हणायची, आई गिरणी म्हणायची. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना नवऱ्याच्या हुद्द्याने हाक मारायची पद्धत होती. डॉक्टरीणबाई, इंजिनिअरीणबाई, आणि आमची प्रोफेसरीणबाई. बसायची जागाही त्यावरच ठरे. साहेबांच्या बायका खुर्च्यांवर, कारकुनांच्या सतरंजीवर. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि चुकतही कधी नव्हतं. पहिल्या वर्षी ती सतरंजीवर जाऊन बसली, शाळेतली मैत्रीण दिसली म्हणून. दोघीतिघींनी धरून तिला उठवलं आणि खुर्चीवर आणून बसवलं. घरी येऊन ती हसत होती. "गोणी उचलून इकडची तिकडं ठेवावी तसं केलं मला." आईला ते आवडलं नाही. गोण्यांचा उल्लेख तर मुळीच नाही.

मी या सगळ्याकडे बघत होतो आणि मला ते ओळखीचं वाटत होतं. व्यापाऱ्याची मुलगी, जोगिणींची शाळा, साधा नोकरदार नवरा, जुनं गाव. माझ्या बायकोची गोष्ट पहिल्या काही प्रकरणांपर्यंत माझ्या कादंबऱ्यांशी तंतोतंत जुळत होती, म्हणून पुढची प्रकरणंही तशीच असणार असं मी धरून चाललो. आयुष्यभर पुस्तकं शिकवणाऱ्या माणसाकडून होणारी ही चूक आहे. दुसरं कुणी असतं तर त्याने सरळ तिला विचारलं असतं.

मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास तिच्या वडिलांना दम्याने धरलं. जन्मभर पिठाची धूळ छातीत गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं की चक्कीपासून लांब राहा. तिचा भाऊ नागपूरला बँकेत होता, त्याला यात रस नव्हता. हे सगळं मला माहीत होतं, पण सासऱ्यांच्या आजाराबद्दल जेवढं माहीत असावं तेवढंच.

त्याच काळात ती दुपारी बाहेर पडायला लागली. गुरुवारी मंडळात बायकांचं भजन असे. आधी ती गुरुवारी जायची, मग सोमवारीही जायला लागली, मग शनिवारी. मी दुपारचे तास संपवून घरी यायचो तर ती नसायची. संध्याकाळी यायची ती थकलेली पण टवटवीत, आणि आल्या आल्या डोक्यावरून अंघोळ करायची. स्वयंपाक करताना गुणगुणायची. लग्नाला इतकी वर्षं होऊन मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

एकदा ती अंघोळीला जाण्याआधी समोर आली, तर गालावर आणि कानामागे पांढरी पावडर होती. मी पाहिलं आणि बोललो नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहिलं. मंडळातल्या एका बाईंना सहज विचारलं तर कळलं, भजनाला प्रोफेसरीणबाई बऱ्याच दिवसांत आलेल्याच नाहीत.

मला काय वाटलं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं. ठरल्या दुपारी, खोटं निमित्त, पावडर, गाणं. मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे तीच यादी. दुःख झालं, पण त्या दुःखात एक प्रकारचा रुबाबही होता, हे आज कबूल करतो. आपण शिकवतो ते आपल्याच घरात घडतंय, असं काहीतरी.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते, माझे मित्र. कॉलेजच्या व्हरांड्यात चहा घेताना मी त्यांना सांगितलं. सगळं नाही. "घरी जरा अडचण आहे. ती दुपारची कुठे जाते, सांगत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी?" मी मान खाली घातली. एवढंच झालं. त्यांची बायको मंडळाची चिटणीस होती.

दोनतीन दिवसांनी मी मुद्दाम लवकर घरी येऊन बसलो. ती आली, चपला काढल्या, आणि मी विचारलं, "दुपारची पावडर लावून कुठे जाऊन येतेस?"

मग तिने कानामागून बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं.

"वास घ्या."

मी घेतला नाही.

"घ्या ना. गव्हाचं आहे. आज शरबती होता, कुण्या लग्नघरचा. पावडर म्हणे!" आणि ती जोरात हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "तुम्हाला काय वाटलं?"

मी म्हणालो, "काही नाही."

तेव्हा तिने सांगितलं. बाबांना बसवत नाही, मिस्त्री एकटा पडतो, म्हणून ती तीन दुपारी गल्ल्यावर आणि काट्यावर बसते. डबे लावून घेते. आधी सगळा गहू, मग ज्वारी, शेवटी चणा, नाहीतर बायका भांडतात की माझ्या कणकेत ज्वारी आली. उपासाचं दळण असलं की दगड झाडून पुसून घ्यायचे, ते बाबा आळस करायचे, ती करत नाही, म्हणून गिऱ्हाइकं वाढली. भजनाचं खोटं सांगितलं कारण खरं सांगितलं असतं तर आम्ही जाऊ दिलं नसतं. ती भराभर बोलत होती. इतकं सलग बोलताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

आई आतल्या खोलीतून ऐकत होती. ती बाहेर आली.

"काट्यावर? आपल्या घरची सून भर बाजारात काटा घेऊन बसते?"

"बाबांची चक्की आहे, आई."

"आपली भांडीवाली तिकडेच जाते दळायला. ती तुला म्हणेल, बाई, माझे दोन किलो दळून दे!"

"म्हणते. मी देते."

आई खुर्चीवर बसली. "कुणाकुणाने पाहिलं?"

"पूर्ण घमापुरानं पाहिलं. लपून थोडीच दळतात."

आई रडायला लागली. मी दाराशी उभा होतो. मला हायसं वाटायला हवं होतं. बायको शुद्ध होती, हसत होती, तिने बोटावर पुरावा दाखवला होता. पण माझ्या डोक्यात भांडीवालीचं वाक्य फिरत होतं. त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. पाहणीला बाहेरचे लोक येणार, त्यांना कुणीतरी सांगणार की यांची पत्नी घमापुरात पीठ दळते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्या मित्राला सांगायचं ठरवून गेलो. व्हरांड्यात तेच पुढे आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हिंमत ठेवा सर. अशा वेळी पुरुषाचाच कस लागतो." मी तोंड उघडलं होतं. 'अहो, तसं काही नाही, ती वडिलांच्या चक्कीवर बसते,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. आणि मला स्पष्ट दिसलं की या दोन्हींपैकी चक्की मला जास्त लाजिरवाणी वाटते. बायको कादंबरीतल्यासारखी असली तर लोक माझ्यासाठी हळहळतील. बायको चक्कीवर बसली तर हसतील.

मी म्हणालो, "होय."

हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

तिचं जाणं मी बंद केलं. ओरडलो नाही. कारणं दिली, मुलाचा अभ्यास, आईची तब्येत, तुझी तब्येत. तिने एकदाच विचारलं, "बाबांनंतर मी चालवली तर? तुमचं नाव नाही लावणार कुठं." मी म्हणालो, "काही तरीच." वर्षभरात सासरे गेले. भावाने नागपूरहून येऊन चक्की विकली. ज्या दिवशी दगड उतरवले त्या दिवशी मी परीक्षेच्या कामाला भोपाळला होतो. जायलाच हवं होतं असं काही नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली आणि लवकर परत आली. वाण तसंच पिशवीत होतं.

"तुम्ही कोणाला काही बोलले काय माझ्याबद्दल?"

"नाही. का?"

"मी आत गेली की सगळ्या चूप झाल्या. खुर्ची दिली. बाजूच्या दोघी उठून पाणी प्यायला गेल्या, त्या परत आल्याच नाही."

"तुझ्या मनाचे खेळ," मी म्हणालो.

ती पुन्हा मंडळात गेली नाही. घरात ती कामापुरतं बोलायला लागली. चिडायची, मग तासन्‌तास गप्प. बाहेर लोक म्हणायचे, सरांच्या मिसेस जरा असमाधानीच आहेत, सर किती सांभाळून घेतात. मी विभागप्रमुख झालो. आणि त्याच सुमारास माझ्या व्याख्यानाच्या शेवटी ते वाक्य आलं, 'आपल्या घरातही असतात.' पहिल्यांदा बोललो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. व्याख्यानाला कीर्ती आली. दर दोन-चार वर्षांनी बोलावणं यायचं, कधी इथे, कधी सागरला, कधी नागपूरला. मी दर वेळी ते वाक्य तसंच म्हटलं. माझी बायको त्यातलं एकही व्याख्यान ऐकायला आली नाही. मी बोलावलंही नाही.

निवृत्तीनंतर त्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. डोळे चालतात तोवर वाचाव्यात म्हणून. आता त्यांच्यात मला दुसऱ्या गोष्टी दिसल्या. त्या नायिकांना काय हवंय हे सांगायला त्या लेखकांनी पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. पण त्यातल्या एकीलाही कुणी काही काम करू देत नाही. ती पायरी चढली तर गाव हसतं, पण ती खाली उतरून बापाच्या दुकानात बसली असती तर गावाने काय केलं असतं, हा प्रश्न मी वाचलेल्यांपैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. बहुधा त्या पायरीवरून खाली उतरायची इच्छा कुणाला असू शकते हे त्यांच्याही मनात आलं नसावं. माझ्या तर घरातच ती इच्छा वावरत होती आणि मी तिला वर चढायची हाव समजलो. ते लेखक निदान आपल्या नायिकांवर खोटं लादत नव्हते.

नातीला मी गेल्या रविवारी सांगितलं, व्हरांड्यातलं तेवढं सोडून. तिला भेडाघाटला जायचं होतं, तिथल्या संगमरवरी मूर्ती घ्यायच्या होत्या मैत्रिणींसाठी. वाटेत गाडीत सांगितलं, कारण समोरासमोर बसून जमलं नसतं. बायको घरीच होती. नात ऐकत होती. मधेच म्हणाली, "मतलब आजी सिर्फ चक्की पे जाती थी? बस?"

"बस."

"और आपने बोलने दिया सबको?"

"हो."

तिने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "आजोबा, ये तो ज़्यादा बुरा है." दुकानांपाशी उतरल्यावर तिने मूर्ती घेतल्या नाहीत. माझा हात धरून मला घाटाच्या पायऱ्या मात्र उतरवल्या. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आजीच्या पाठीला चिकटून उभी राहिली. बायकोने विचारलं, "काहून गं, पाय दुखून राहिले काय?"

हे सगळं लिहून झाल्यावर काल दुपारी मी बायकोला वाचून दाखवलं. तिचा चष्मा दुरुस्तीला टाकलेला आहे. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. व्हरांड्यातल्या मित्राची जागा आली तेव्हा तिने हात वर केला.

"थांबा. तुम्ही सांगितलं होतं? तुम्ही स्वतः?"

तिला इतकी वर्षं वाटत होतं की लोकांनीच काहीतरी तर्क केला आणि मी फक्त तो खोडला नाही. मी म्हणालो, "हो."

"त्यांना?"

"हो."

"त्यांच्या बायकोला मी दर दिवाळीला चकलीची भाजणी दळून देत होते," ती म्हणाली. "बाबांची चक्की होती तोवर. नेऊन देत होते घरी."

ती उठून बाहेर गेली. अंगणात वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, कपाटात ठेवले. माझे वेगळे ठेवले नाहीत, नेहमीच्याच जागी ठेवले. मग येऊन पुन्हा बसली. "वाचा पुढचं."

मी शेवटपर्यंत वाचलं. ती म्हणाली, "छापायला द्या. तेव्हाच्या बाया आता वाचायला किती राहिल्या असतील, पण द्या."

"तुला चालेल?"

"न चालायला काय आहे? खोटं चाललं की." थोड्या वेळाने म्हणाली, "एक चूक केली तुम्ही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, मी काही असमाधानी नव्हतेच, लोकांनी उगाच म्हटलं. तसं नका करू. साधूसंत नका बनवू मला. मी होते असमाधानी. कशासाठी होते ते लिहा."

"सांग, मी लिहितो."

"तुमच्या बोलण्यात नका मिसळू. खाली वेगळं छापायला सांगा. मी बोलते तसंच."

मी कागद घेतला. तिने सांगितलं, मी लिहिलं, मग तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि एक शब्द बदलायला लावला. 'मनस्ताप' मी माझ्याकडून घातला होता, तो तिने काढायला लावून 'राग' करायला सांगितला. तिचं म्हणणं असं:

"मी असमाधानी होते. मला दुसरा माणूस नको होता, साड्या नको होत्या, मुंबई-दिल्लीला जायचं नव्हतं. मला माझ्या बापाची चक्की चालवायची होती. मला ती येत होती. यांनी चालवू दिली नाही, आणि लोकांना खरं पण सांगितलं नाही. त्याचा मला राग होता आणि अजून आहे. मंडळातल्या ज्या बाया पाणी प्यायला उठून गेल्या त्यांच्यावर नाही, त्यांना काय माहीत. आता कोणी माझी दया करायला घरी येऊ नये. नातीने कौतुक करू नये. ज्यांना कोणाला भाजणीचं प्रमाण पाहिजे असेल त्यांनी यावं, ते मला अजून तोंडपाठ आहे."